तीन भाषांची वेबसाइट दिव्यांगांना वापरता येईल अशी कशी करावी: बेळगाव सीमाभागातल्या संस्थांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या एखाद्या सौहार्द सोसायटीची, शाळेची किंवा वाचनालयाची वेबसाइट उघडा. वर इंग्रजी नाव, खाली मराठी सूचना, मधेच कन्नड परिपत्रक आणि अर्ज पुन्हा इंग्रजीत. डोळ्यांनी वाचणाऱ्याचे यात फारसे अडत नाही. स्क्रीन रीडर वापरणाऱ्या दृष्टिहीन माणसाचे मात्र पहिल्याच ओळीला अडू शकते. पानावरची अक्षरे बोलून दाखवणाऱ्या त्या सॉफ्टवेअरला ‘ही ओळ मराठी, ही कन्नड’ हे कोडमध्ये सांगून ठेवावे लागते, आणि नेमके तेच राहून गेलेले असते. एकाच भाषेची पाने डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेल्या मार्गदर्शकांत या विषयाला जेमतेम दोन ओळी मिळतात. सीमाभागात हाच पाया आहे. म्हणून इथे सुरुवात अक्षरांपासून आणि भाषेपासून. रंग, फॉर्म, व्हिडिओ नंतर.

आधी कान लावा

काहीही बदलण्यापूर्वी आपली साइट कशी ऐकू येते ते बघा. विंडोजच्या संगणकावर एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर बसवा. त्याच्यासोबत येणाऱ्या ईस्पीक एनजी या आवाजात मराठी आणि कन्नड दोन्ही आहेत. आवाज कोरडा आहे, पण तपासणीला तोच बरा, कारण तो चुका झाकत नाही. सेटिंगमधल्या ‘स्पीच’ विभागात भाषा आपोआप बदलण्याचा पर्याय चालू असल्याची खात्री करा, नाहीतर पुढची सगळी तपासणी फसेल.

कामापुरत्या कळा थोड्याच आहेत. इन्सर्ट आणि खालचा बाण दाबला की पान वाचायला सुरुवात होते, कंट्रोल दाबला की थांबते. एच ने पुढचे हेडिंग, के ने पुढची लिंक, एफ ने फॉर्मचा पुढचा रकाना, जी ने चित्र, टी ने तक्ता. इन्सर्ट आणि एफ७ दाबले की पानावरच्या सगळ्या लिंकची किंवा हेडिंगांची यादी समोर येते. ही यादी फार बोलकी असते: तिच्यात ‘इथे क्लिक करा’ अकरा वेळा दिसले तर दुखणे कुठे आहे ते लगेच कळते.

तुमचे बहुतेक वाचक फोनवर असतील, म्हणून अँड्रॉइडच्या टॉकबॅक या स्क्रीन रीडरवरही ऐका. फोनच्या सेटिंगमध्ये मराठी आणि कन्नड दोन्ही आवाज आधी उतरवून ठेवा. टॉकबॅक चालू झाल्यावर एका टिचकीने काहीच उघडत नाही. उजवीकडे बोट सरकवून पुढच्या घटकावर जायचे आणि दोनदा टिचकी मारून तो उघडायचा. बंद कसे करायचे (आवाजाची दोन्ही बटणे तीन सेकंद दाबून धरणे; हा शॉर्टकट सेटिंगमध्ये चालू करावा लागतो) ते आधी शिकून मगच सुरू करा.

आता स्क्रीन झाका आणि तीन कामे करून पाहा: मुदत ठेवीचा दर शोधणे, शाखेची वेळ शोधणे, एक अर्ज भरून पाठवणे. जिथे अडाल ते लिहून ठेवा. पुढचे काम त्या कागदावरूनच करायचे आहे.

अक्षरे खरी आहेत का

आपल्याकडे मजकूर छापखान्यातून किंवा डीटीपीवाल्याकडून येतो. तो श्रीलिपी, आकृती यांसारख्या जुन्या फॉन्टांत टाइप केलेला असतो, कन्नड असेल तर नुडी किंवा बरहमध्ये. या जुन्या पद्धतीत संगणकाच्या लेखी ती मराठी अक्षरे नसतातच. ती रोमन अक्षरे आणि चिन्हे असतात, फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. स्क्रीन रीडर फॉन्ट बघत नाही, खालची चिन्हे वाचतो. त्यामुळे पडद्यावर सुबक मराठी आणि कानात निव्वळ खडखडाट असा प्रकार होतो. शोधयंत्रालाही ते पान सापडत नाही.

ओळखायची पद्धत सोपी आहे. मजकूर निवडून कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठी तशीच राहिली तर ती युनिकोड आहे, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा संकेत देणाऱ्या पद्धतीतली. रोमन अक्षरांचा कचरा दिसला तर मजकूर रूपांतरित करावा लागेल. त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात, पण निवडताना फॉन्टचे नेमके नाव द्या. एकाच कंपनीच्या दोन फॉन्टांची मांडणीही वेगळी असू शकते. रूपांतरानंतर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये क्रम उलटा असतो, म्हणून चुका तिथेच होतात. ‘कर्ज’, ‘स्थिती’, ‘दुसऱ्या’, ‘ज्ञानेश्वर’, ‘शृंगार’, ‘ॲडव्होकेट’ हे सहा शब्द शोधून पाहिले तर रूपांतर कितपत बरे झाले ते समजते.

युनिकोडमध्ये टाइप केलेल्या मजकुरातही काही गोष्टी आवाज बिघडवतात. ‘दुःख’, ‘स्वतःचे’ यांत विसर्गाऐवजी कीबोर्डवरचा कोलन दाबलेला असतो. आवाज तिथे शब्द तोडतो. अनुस्वाराच्या जागी चिकटवलेले शून्य, ‘आ’ऐवजी ‘अ’ आणि काना असे दोन तुकडे, ‘ओ’ऐवजी ‘अ’ला जोडलेला काना-मात्रा: दिसायला सारखे, वाचनात आणि शोधात वेगळे. ‘ॲ’ तर दोन-तीन प्रकारे लिहिला जातो. टाइप करणाऱ्याला इन्स्क्रिप्ट किंवा चांगला फोनेटिक कीबोर्ड नीट शिकवा, आणि साइटवरच्या शोधात शब्द जुळवण्यापूर्वी दोन्ही बाजूंचा मजकूर युनिकोडच्या एकाच प्रमाण रूपात आणा. त्यानंतरही उरणारी रूपे (झेडडब्ल्यूजे हे अदृश्य जोडणी-चिन्ह घातलेला ‘अ‍ॅ’ त्यांतला एक) स्वतंत्र नियम लिहून बदलावी लागतात.

शोधाचा विषय निघालाच आहे तर गावांच्या नावांचेही बघा. ‘बेळगाव’, ‘बेळगांव’, ‘बेळगावी’. ‘चिकोडी’ आणि ‘चिक्कोडी’. ‘निपाणी’ आणि ‘निप्पाणी’. हाताने टाइप करणे कठीण असलेला माणूस बोलून शोधतो, आणि त्याच्या फोनला जे रूप ठाऊक आहे तेच रकान्यात उतरते. शाखांच्या यादीत प्रत्येक गावाची चालू रूपे एकमेकांशी जोडून ठेवली तर त्याला ‘काही सापडले नाही’ हे ऐकावे लागत नाही.

भाषेची खूण

एचटीएमएलच्या पहिल्याच टॅगला ‘लँग’ नावाचे अ‍ॅट्रिब्यूट असते. मराठी पानावर त्याची किंमत रोमन लिपीतली एम-आर ही दोन छोटी अक्षरे हवीत. कन्नडसाठी के-एन, इंग्रजीसाठी ई-एन, कोंकणी मजकूर असेल तर के-ओ-के. गाडीच्या नंबरप्लेटवरून अंदाजाने भरू नका: के-ए ही खूण जॉर्जियन भाषेची आहे आणि एम-एच ही मार्शल बेटांच्या भाषेची. अशी खूण वैध असल्यामुळे तपासणीचे यंत्र तिला चूक म्हणत नाही, आणि वाचकाला मात्र मराठी ऐकू येत नाही.

खूण नसेल किंवा इंग्रजीची असेल तर काय होते? काही आवाज देवनागरी दिसली की हिंदी धरून चालतात. मग ‘ज्ञान’चे ‘ग्यान’ होते आणि ‘चमचा’, ‘जग’ यांतले मराठी च-ज हरवतात. काही आवाज एकेका अक्षराचे नाव घेतात, काही सरळ गप्प बसतात. गप्प बसणे सर्वांत वाईट, कारण ऐकणाऱ्याला तिथे मजकूर होता हेही कळत नाही. खूण बरोबर असण्याचा डोळ्यांनाही फायदा आहे: काही फॉन्ट मराठीची खूण पाहून ‘श’ आणि ‘ल’ यांची मराठी वळणे दाखवतात.

वर्डप्रेसवर साइट असेल तर ‘सेटिंग्ज’मधल्या ‘जनरल’ पानावर साइटची भाषा मराठी करा. ती अमेरिकन इंग्रजीवर राहिली की मराठीच्या प्रत्येक पानावर इंग्रजीची खूण छापली जाते. साइटची भाषा बदलल्यावर कर्मचाऱ्यांचा आतला भागही मराठीत जातो. तो इंग्रजी ठेवायचा असेल तर ज्याने त्याने आपल्या प्रोफाइलमध्ये भाषा निवडावी. तीन भाषांची स्वतंत्र पाने करायची असतील तर पॉलीलँगसारखे प्लगइन प्रत्येक पानाला त्याची खूण आपोआप लावते.

एकाच पानावर भाषा मिसळल्या असतील तर त्या-त्या परिच्छेदाला, निदान त्या तुकड्याला, वेगळी खूण द्या. मराठी पानातला कन्नड लिपीतला ठराव, कन्नड पानातले मराठी शाळेचे नाव, हे सगळे यात येते. मात्र देवनागरीत लिहिलेले ‘पिग्मी’, ‘पासबुक’, ‘चेक’, ‘हेस्कॉम’ हे शब्द मराठी वाक्यातलेच आहेत, त्यांना हात लावू नका. दर शब्दाला आवाज बदलू लागला तर ऐकणारा वैतागून निघून जाईल.

भाषा बदलायची लिंक प्रत्येक भाषेच्या स्वतःच्या लिपीत आणि स्वतःच्या खुणेसह लिहा: ‘मराठी’ देवनागरीत, कन्नड कन्नड लिपीत. ती दाबल्यावर त्याच पानाचे दुसरे रूप उघडावे, मुखपृष्ठ नव्हे. भाषेसाठी झेंड्याचे किंवा नकाशाचे चित्र वापरू नका. स्क्रीन रीडरला ते चित्र नाव दिल्याशिवाय वाचता येत नाही, आणि सीमाभागात असे चित्र विनाकारण कुणाला तरी परके करते. हेही तितकेच महत्त्वाचे की मराठी पान ताजे आणि कन्नड पान मागच्या वर्षीचे, किंवा उलट, असे राहू देऊ नका. दृष्टिहीन खातेदाराला शेजाऱ्याकडून वाचून घ्यावे लागू नये म्हणूनच हे काम आहे, मग तो कोणतीही भाषा वाचणारा असो.

आवाजाच्या दृष्टीने लिहिण्याच्या काही सवयी बदलाव्या लागतील. ‘मु. पो.’, ‘ता.’, ‘जि.’ ही संक्षेपे सुटी अक्षरे म्हणून वाचली जातात आणि प्रत्येक टिंबाला वाक्य संपल्यासारखे वाटते; ‘तालुका खानापूर, जिल्हा बेळगाव’ असे पूर्ण लिहा. दहा आकडी मोबाइल क्रमांक सलग लिहिला की काही आवाज तो अब्ज-कोटींत वाचतात. पाच-पाच आकड्यांत तोडा आणि त्याला फोनची लिंक द्या. तारीख ‘०१/०४’ अशी न लिहिता ‘१ एप्रिल’ लिहा.

फोटोतली सूचना आणि पीडीएफ

सूचना लेटरहेडवर छापायची, सही-शिक्का मारायचा, फोनने फोटो काढून व्हॉट्सॲपवरून पाठवायचा आणि तोच साइटवर चढवायचा ही आपल्याकडची सर्वसाधारण पद्धत. त्या फोटोतले एक अक्षरही स्क्रीन रीडरला मिळत नाही. अल्पदृष्टी असलेल्या माणसाने मोठा करून पाहिला तर अक्षरे फुटतात. चित्राऐवजी वाचला जाणारा पर्यायी मजकूर (ऑल्ट) ‘सूचना’ एवढाच देऊन भागत नाही, आणि पूर्ण दोन पाने मजकूर चित्राच्या पर्यायी मजकुरात कोंबणेही चूक, कारण तो सलग वाचला जातो. मागे जाता येत नाही, ओळ निवडता येत नाही.

उपाय: सूचनेचा मजकूर पानावरच टाइप करा. सही-शिक्क्याची प्रत हवी असेल तर खाली वेगळी लिंक द्या. जुन्या सूचना शेकड्याने असतील तर टेसरॅक्टसारखे ओसीआर (चित्रातली अक्षरे ओळखणारे सॉफ्टवेअर) मराठी आणि कन्नड दोन्ही वाचते. दोन्ही लिप्या एकाच पानावर असतील तर दोन्ही भाषा निवडून चालवा. नंतर आकडे माणसाने मूळ प्रतीशी ताडून पाहिलेच पाहिजेत. शब्दातली चूक वाचणाऱ्याच्या लक्षात येते, व्याजदरातली येत नाही. सगळे एकदम होणार नसेल तर चालू वर्षाच्या सूचना आणि सर्व अर्ज आधी घ्या, बाकीचे मागणीप्रमाणे.

पीडीएफबद्दल आमचे मत स्पष्ट आहे: मराठी-कन्नडसाठी मूळ मजकूर वेबपानावर ठेवा आणि पीडीएफ छापण्यापुरती. पेजमेकर किंवा कोरलड्रॉमधून आलेल्या पीडीएफमध्ये जुना फॉन्ट असतो किंवा अक्षरांचे आकारच केलेले असतात. वर्डमध्ये युनिकोडने लिहून थेट पीडीएफ म्हणून जतन केली तर हेडिंगे आणि तक्ते टॅगांसह येतात (‘प्रिंट’मधून केली तर येत नाहीत), तरीही जोडाक्षरे कॉपी करताना मोडलेली आढळतात. म्हणून प्रत्येक पीडीएफ चढवण्यापूर्वी तीच नोटपॅडची चाचणी करा. लिंकवर फाइलचे वर्णन लिहा: ‘वार्षिक अहवाल २०२४-२५, मराठी, पीडीएफ, २ एमबी’. कणकुंबी किंवा जांबोटीकडून कमी रेंजवर उघडणाऱ्याला आकार आधी कळलेला बरा.

इतर चित्रांसाठी नियम छोटा आहे. चित्र माहिती देत असेल तर ती माहिती एका वाक्यात लिहा: ‘नव्या इमारतीचे उद्घाटन’ नको, ‘नव्या शाखेचे प्रवेशद्वार, डाव्या बाजूला रॅम्प’ असे. चित्र केवळ सजावटीचे असेल तर ऑल्ट रिकामा ठेवा, पण अ‍ॅट्रिब्यूट गाळू नका. गाळले तर काही स्क्रीन रीडर फाइलचे नाव वाचतात. लोगो मुखपृष्ठाची लिंक असेल तर त्याचा पर्यायी मजकूर म्हणजे संस्थेचे नाव.

आकार, रंग, हालचाल

देवनागरी आणि कन्नड दोन्ही लिप्यांत अक्षराच्या वर-खाली बरेच काही घडते. इंग्रजीसाठी बेतलेल्या थीममध्ये बटणाची उंची ठरावीक असते आणि तिथे ‘र्की’सारखी वरची चिन्हे किंवा ‘ष्ट्रू’सारखी खालची कापली जातात. उंची ठरावीक देऊ नका, आतली मोकळी जागा द्या. मुख्य मजकूर १८ पिक्सेल, ओळींमधले अंतर अक्षराच्या १.६ ते १.८ पट हे या लिप्यांना मानवते. अक्षरांमधले अंतर वाढवण्याचा गुणधर्म देवनागरीला कधीच लावू नका: शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कटतो. डब्ल्यूसीएजी या वेबसाइट सर्वांना वापरता येण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकात वाचकाने अंतर वाढवले तर पान मोडू नये असा नियम आहे, पण ज्या लिपीत तो गुणधर्म लागू नाही तिला त्यातून सूट आहे. दोन्ही कडांना ताणून लावलेल्या ओळीही टाळा. फोनवर बोटांनी मोठे करणे बंद करणारी ओळ थीममध्ये असेल तर काढून टाका. मजकूर दुप्पट केला तरी काही झाकले जाऊ नये, आणि ३२० पिक्सेल रुंदीतही आडवे सरकवावे लागू नये.

रंगांत नेहमीचा दोष भगव्या पट्टीचा. एफएफ९९३३ या रंगसंकेताच्या भगव्यावर पांढरी अक्षरे घेतली तर तफावत (अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे प्रमाण) साधारण २.१:१ येते, साध्या मजकुराला किमान ४.५:१ लागते, आणि २४ पिक्सेल किंवा त्याहून मोठ्या अक्षरांना ३:१. त्याच भगव्यावर काळी अक्षरे घ्या, तफावत जवळपास ९.९:१ होते. पट्टी तीच राहते, वाचताही येते. पिवळ्यावर शुद्ध लाल ३.७:१, पांढऱ्यावर शुद्ध लाल ४:१. दोन्ही कमी पडतात. चूक दाखवणारा संदेश लाल हवा असेल तर सी०००००सारखा गडद लाल घ्या, पांढऱ्यावर तो ६.५:१च्या आसपास जातो. राखाडीची सीमा लक्षात ठेवायची तर पांढऱ्यावर ७६७६७६ कसाबसा पास होतो, ७७७७७७ नापास. आणि रंग हा एकमेव इशारा नसावा: ‘लाल रकाने भरा’ हे वाक्य लाल-हिरवा न ओळखणाऱ्याला आणि न पाहणाऱ्याला दोघांनाही निरुपयोगी आहे.

सरकणारी ‘ताजी सूचना’ पट्टी काढून तिच्या जागी साधी यादी द्या. ठेवायचीच असेल तर पाच सेकंदांहून जास्त हलणाऱ्या गोष्टीला थांबवायचे बटण हवे. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लखलखणारे काहीही नको, त्याने अपस्माराचा झटका येऊ शकतो. देवस्थानाच्या किंवा मंडळाच्या साइटवर पान उघडताच आरती सुरू होते. भाव चांगला आहे, पण त्या आवाजाखाली स्क्रीन रीडरचा आवाज बुडतो आणि आरती थांबवायचे बटण शोधायलाही त्याला तोच आवाज लागतो. आरतीला ‘ऐका’ असे बटण द्या आणि ते दाबल्यावरच ती वाजू द्या.

माउसशिवाय

माउस बाजूला ठेवा आणि टॅबने पूर्ण पान फिरून पाहा. फोकस, म्हणजे कीबोर्डने आपण आत्ता ज्या लिंकवर किंवा रकान्यावर आहोत ती जागा, प्रत्येक क्षणी दिसायला हवी. सुंदर दिसावे म्हणून त्याची चौकट काढून टाकणारी सीएसएस ओळ असेल तर ती खोडा. वर चिकटून राहणारी पट्टी फोकस झाकत नाही ना ते पाहा. पानाच्या सुरुवातीला ‘मुख्य मजकुराकडे जा’ ही लिंक हवी, नाहीतर प्रत्येक पानावर तीस मेनू ओलांडावे लागतात. बटण हे खरे बटण असू द्या, क्लिक जोडलेला डिव्ह (कोडमधला साधा चौकोन) नव्हे. डिव्हवर टॅब थांबत नाही आणि एंटर चालत नाही. बोटे थरथरणाऱ्यांसाठी दाबायची जागा किमान २४ बाय २४ पिक्सेल, जमेल तिथे ४४.

हेडिंग म्हणजे मोठी ठळक ओळ नव्हे. संपादकात ‘हेडिंग’ निवडा: पानाचे शीर्षक पहिल्या पातळीवर, विभाग दुसऱ्या, त्यांतले भाग तिसऱ्या. व्याजदराच्या तक्त्यात वरची ओळ आणि डावा स्तंभ शीर्षकपेशी करा, मग ‘एक वर्ष, ज्येष्ठ नागरिक’ असे दराच्या आधी ऐकू येते. पेशी जोडू नका.

फॉर्म: इथे माणूस परत जातो

प्रत्येक रकान्याला दिसणारे लेबल द्या आणि कोडमध्ये ते रकान्याशी जोडा. रकान्याच्या आतला फिका मजकूर म्हणजे लेबल नव्हे. टाइप करायला लागले की तो नाहीसा होतो.

मराठी-कन्नड नावांसाठी तपासणीचा नियम बहुधा चुकीचा लिहिलेला असतो. फक्त ए ते झेड स्वीकारणारा नियम ‘पाटील’ नाकारतो हे उघड आहे. पण युनिकोडमधला ‘अक्षर’ हा एकच वर्ग घेतला तरी ‘पाटील’ नाकारला जातो, कारण काना, वेलांटी, हलन्त ही ‘चिन्ह’ या वेगळ्या वर्गात मोडतात. दोन्ही वर्ग, शिवाय झेडडब्ल्यूजे आणि झेडडब्ल्यूएनजे ही दोन अदृश्य जोडणी-चिन्हे आणि मोकळी जागा, एवढे सगळे नियमात घ्या. आडनाव सक्तीचे करू नका, काहींना आद्याक्षरच असते.

आकड्यांसाठी ‘नंबर’ प्रकारचा रकाना देवनागरी ९ स्वीकारत नाही. साधा मजकूर-रकाना ठेवा, फोनवर आकड्यांचा कीबोर्ड उघडेल अशी इनपुटमोडची सूचना द्या आणि देवनागरी, कन्नड व इंग्रजी आकडे सर्व्हरवर एकरूप करा. जन्मतारखेला फिरते कॅलेंडर म्हणजे साठ-सत्तर वर्षे मागे जाण्याची शिक्षा. दिवस, महिना, वर्ष असे तीन रकाने एका गटात, गटाला ‘जन्मतारीख’ हे शीर्षक.

चूक दाखवणारा संदेश पानाच्याच भाषेत आणि रकान्याजवळ हवा: ‘इनव्हॅलिड इनपुट’ नको, ‘पिनकोड सहा आकडी लिहा’. कोडमध्ये एरिया-डिस्क्राइब्डबाय ही खूण वापरून तो रकान्याशी जोडा आणि अर्ज परतला की फोकस पहिल्या चुकीच्या रकान्यावर न्या. भरलेली माहिती पुसू नका.

चित्रातली अक्षरे ओळखायला लावणारा कॅप्चा दृष्टिहीनांना दार बंद करतो, आणि त्याचा पर्यायी ध्वनी इंग्रजीत असला तर कन्नड-मराठी वाचकालाही. त्याऐवजी यंत्रालाच दिसेल असा एक लपवलेला रकाना ठेवा. तो भरला गेला तर अर्ज यंत्राचा समजायचा. हा रकाना स्क्रीन रीडरपासून आणि टॅबपासूनही लपवा, नाहीतर दृष्टिहीन माणूस तो इमानदारीने भरेल आणि त्याचाच अर्ज फेकला जाईल. ओटीपी चिकटवता आला पाहिजे. वेळ संपत आली की आधी सांगा आणि ती वाढवायला निदान २० सेकंद द्या. केवायसीत ‘डोळे मिचकावा’ ही एकमेव चाचणी ठेवू नका. अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्यांना ती देता येत नाही, आणि याच प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले.

व्हिडिओ

सर्वसाधारण सभेचे किंवा व्याख्यानाचे चित्रण चढवताना मथळे (बोलणे पडद्यावर लिहून दाखवणाऱ्या ओळी) स्वतः तपासा. भाषण मराठीतून कन्नडात आणि परत जाते तेव्हा आपोआप होणाऱ्या मथळ्यांचा भरवसा धरता येत नाही. एका वेळी दोन ओळी, ओळीत ३५-४० अक्षरे, बोलणारा बदलला की नाव. जन्मतः कर्णबधिर असलेल्यांची पहिली भाषा बहुधा खुणांची असते, लिहिलेली मराठी दुसरी. म्हणून व्हिडिओखालच्या सारांशात छोटी वाक्ये वापरा.

कायदा आणि मानक

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. त्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वे आहेत. कलम ४२ माहिती-तंत्रज्ञानाबद्दल आहे आणि कलम ४६ सरकारी व खासगी दोन्ही सेवा देणाऱ्यांना लागू होते. भारतीय मानक आयएस १७८०२, आणि प्रत्यक्ष कामासाठी डब्ल्यूसीएजी २.२ (ऑक्टोबर २०२३) ची ‘एए’ पातळी धरा. साइट बनवणाऱ्याशी करार करताना ही पातळी आणि युनिकोडची अट लेखी घाला, शेवटचा हप्ता तपासणीनंतर द्या.

तपासणी

अ‍ॅक्स, वेव्ह, लाइटहाउस ही मोफत साधने चालवा. ती लेबल नसलेला रकाना, कमी तफावत, ऑल्टचा अभाव पकडतात. कन्नड परिच्छेदाला मराठीची खूण लागली आहे, किंवा पर्यायी मजकुरात भलतेच लिहिले आहे, हे त्यांना कळत नाही. त्यासाठी सुरुवातीची तीन कामे पुन्हा कानाने करा, दोन्ही भाषांच्या पानांवर.

मग प्रत्यक्ष वापरणाऱ्यांना बोलवा: एक दृष्टिहीन मराठी वाचक, एक दृष्टिहीन कन्नड वाचक, एक अल्पदृष्टी, एक हाताची अडचण असलेला. त्यांच्या स्वतःच्या फोनवर, त्यांच्या नेहमीच्या वेगाने. वेळेचे मानधन द्या. कामे तीच, आणि ते अडले की लगेच मदत करू नका. कुठे थांबले, कोणता शब्द पुन्हा ऐकला, काय चुकीचे दाबले ते लिहा. दुरुस्तीचा क्रम असा: काम पूर्णच होत नाही ते त्या आठवड्यात, वळसा घालून होते ते महिन्यात, बाकीचे पुढच्या नूतनीकरणात. साइटच्या तळाशी अडचण कळवण्यासाठी फोन आणि ईमेल तिन्ही भाषांत द्या, आणि सूचना चढवणाऱ्या कर्मचाऱ्याच्या टेबलावर एक चिठ्ठी लावा: मजकूर टाइप केला का, नोटपॅडमध्ये तपासला का, भाषेची खूण लावली का, लिंकला नाव दिले का.